लाल दोरा राहिलेली गाडी

या अंकाचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. पावसात त्यांच्या गाडीची पुढची काच आतून पांढरी व्हायची, समोरचं काही दिसायचं नाही. ती भानगड मी एका दुपारी मिटवून दिली, तेव्हापासून मागे लागलेत. "मिस्त्री, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतील." म्हटलं, अहो, मी जन्मभर पाना आणि स्क्रू ड्रायव्हर धरला, पेन धरलं ते गाडीचा नंबर लिहून ठेवायला. तर म्हणे, बोलता तसं लिहा. आता बोलतो तसं लिहायचं म्हटलं की सगळंच लिहावं लागणार. गमती आहेत दोन-चार, त्या आधी सांगून मोकळा होतो. मग एका गाडीचं सांगायचंय, ते गमतीचं नाही. ज्यांची गाडी त्यांना विचारून लिहितोय. नाव तेवढं बदललंय.

माझं काम गाडीच्या एसीचं, ब्लोअरचं, थोडक्यात डॅशबोर्डच्या मागे जे जे दडलेलं असतं त्याचं. आधी उल्हासनगरला लछू दादांच्या दुकानात शिकलो, मग अंबरनाथला स्वतःचं गॅरेज टाकलं. राहायला बदलापूर. उन्हाळ्यात लोक आमच्याकडे थंडावा मागायला येतात आणि पावसाळ्यात काचेवरची बाफ घालवायला. थंडावा मागणारा कुरकुरत येतो. बाफेचं गिऱ्हाईक मात्र आल्या आल्या भांडायलाच उठतं, कारण ते रस्त्यात कुठेतरी घाबरलेलं असतं.

ही बाफ येते कुठून ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच हे. गाडीत चार माणसं बसली, चौघांचे श्वास, ओल्या छत्र्या, ओल्या चपला. पाऊस म्हणून काचा बंद. ती सगळी ओल हवेत तरंगत राहते आणि जिथे गार जागा मिळेल तिथे बसते. गार जागा म्हणजे पुढची काच, कारण बाहेरून तिच्यावर पाणी आपटत असतं. उपाय दोनच. एक तर एसी लावायचा, तो हवेतलं पाणी काढून गाडीखाली टाकतो. एसी नको असेल तर बाहेरची हवा आत घ्यायची. त्यासाठी गाडीत एक लिव्हर असतो, नव्या गाड्यांत बटन. एका बाजूला केला की आतली हवा आतच फिरते, दुसऱ्या बाजूला केला की बाहेरची हवा आत येते. बस, एवढंच. "पण मिस्त्री, बाहेर तर धो धो पाऊस आहे, ती ओली हवा आत कशाला?" असं मला इंजिनीअर लोकांनी विचारलंय. अहो साहेब, तुमच्या कुटुंबाच्या श्वासापेक्षा ती कोरडी असते. आणि रुमालाने काच पुसू नका. रुमालाचं तेलकट लागतं, मग बाफ दुप्पट जोराने धरते. हे मी गळा फाटेपर्यंत सांगितलं, तरी आजही प्रत्येक गाडीत एक कळकट फडकं असतंच.

शिरगावचे एक पाटील होते. त्यांनी कुठेतरी ऐकलं की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. खरंच आहे ते. मग पठ्ठ्याने जाड्या मिठाची चांगली किलोभराची पुरचुंडी काचेखाली ठेवून दिली. आठवड्यात मिठाला पाणी सुटलं, ते झिरपत वायरिंगमध्ये गेलं, आणि एक दिवस हॉर्न आपोआप वाजायला लागला तो थांबेना. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, पाटील, हे काय करून ठेवलंत? तर माझ्यावरच उखडले. "माज्या आज्याची मिठागरा व्हती, मिठाचा मना नको सांगू!" हॉर्नची वायर काढली तेव्हा कुठे आमचं बोलणं एकमेकांना ऐकू यायला लागलं.

कात्रपच्या शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांच्या गाडीत पायाखालचा गालिचा कायम ओला. तीन गॅरेजांनी काचेचं रबर बदललं, काही उपयोग नाही. मी खाली आडवा होऊन बघतो तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी कुंभारीण माशीने मातीचं घर करून बुजवून टाकलेली. पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत. तारेने घर फोडलं, नळी वाहती केली. बाई म्हणाल्या, "अरेरे, आत पिल्लं होती का हो?" तीन वर्षं ओल्या गालिच्यावर पाय ठेवून बसल्या, पण काळजी कुंभारणीच्या पिल्लांची. अशी माणसं भेटतात म्हणून धंदा करावासा वाटतो.

आता लछू दादा. उल्हासनगरचे, सिंधी, बोटभर उंचीचे आणि आवाज मात्र दोन दुकानं पलीकडे जाणारा. दादांनी मला हाताला धरून काम शिकवलं. त्यांच्या दुकानात झूलेलालच्या तसबिरीखाली लाल दोऱ्याचं रीळ लटकलेलं असायचं. तो दोरा पूजेचा नव्हता, कामाचा होता. आमच्या धंद्यात बऱ्याचदा तात्पुरतं काहीतरी बांधावं लागतं, बंद करावं लागतं. ते डॅशबोर्डच्या मागे असतं, गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि महिन्याभराने आपल्यालाही आठवत नाही. म्हणून दादांचा नियम. "साईं, अंदर कुछ भी बांधा ना, उसकी निशानी बाहर छोड़नी. कस्टमर को रोज दिखनी चाहिए." आत काही बांधलं की त्या लिव्हरला बाहेरून लाल दोऱ्याची गाठ. गिऱ्हाईक विचारतं हे काय, मग आपण सांगतो. बांधलेलं सोडलं की दोरा कापायचा. दादा गेले, दुकान मोडलं, तेव्हा मी दुसरं काही मागितलं नाही, ते रीळ तेवढं मागून आणलं.

ते रीळ अंबरनाथला फार कामाला आलं. इकडच्या रस्त्यांवर एकेका संध्याकाळी हवेला एक वास असतो. कुठून येतो, कोण सोडतं, ते मी सांगायची गरज नाही, इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाला तो माहीत आहे. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. लोक लिव्हर आतल्या हवेवर करून बसतात तरी वास आत येतोच. कारण आतली झडप बंद होते, पण तिच्या कडेचा फोम चार-पाच वर्षांत भुगा होऊन जातो आणि फटीतून हवा शिरते. खरा इलाज म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवून झडपेला नवा फोम लावणं. एक दिवसाचं काम. मी एक शॉर्टकट काढला. समोरच्या कप्प्याच्या मागून हात घालायचा, लिव्हरची केबल झडपेपासून सोडवायची, आणि झडप घट्ट दाबून प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकायची. अर्ध्या तासात वास बंद. लिव्हर इकडून तिकडे सरकतो, पण नुसता दाखवायला, आत काही हलत नाही. त्याला लाल दोरा बांधायचा आणि सांगायचं, पावसाच्या आधी या, सोडून देतो. 'वास बंद करणारा मिस्त्री' म्हणून माझं नाव झालं. कल्याणवरून गाड्या यायच्या. मी छाती फुगवून फिरायचो, खोटं कशाला बोलू.

कात्रपला राहणारे सबनीस साहेब असेच कोणाकडून तरी नाव ऐकून आले. रंगाच्या कारखान्यात लॅबोरेटरीत अधिकारी होते, तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात छोटी वही. गाडी छोटी पांढरी, जुनी, पण आतून अशी स्वच्छ की मला चप्पल काढून बसावंसं वाटलं. बरोबर काकू. काकूंना दमा. त्या वासाने त्यांना ढास लागायची, आणि एसीची गार हवाही सोसायची नाही. साहेब म्हणाले, "मिस्त्री, मला यातलं कळत नाही. ज्याचं काम त्यालाच विचारावं. तुम्ही सांगाल तसं करू."

काकूंना ऐकायला कमी यायचं. मी काही बोललो की म्हणायच्या, "जरा मोठ्यानं सांगा हो, मला कमी ऐकू येतं." आणि हसायच्या. मी काम करत होतो तेवढा वेळ त्या खुर्ची ओढून गाडीच्या दाराशी बसल्या आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या अंगठ्याला चीर पडलीय, तूप लावा." साहेब म्हणाले, "तिचं असंच आहे. कानाचं काम ती डोळ्यांनी करते. मी चाळीस वर्षांत तिच्यापासून एक गोष्ट लपवू शकलो नाही." मग काकूंनी चिवड्याचा डबा काढला. मला आग्रह. मी हात पुसून चिवडा खाल्ला, आणि मोठमोठ्याने त्यांना सांगत बसलो की बाफ का येते, बाटलीला पाणी का सुटतं, पावसात एसी लावायचा नसेल तर लिव्हर बाहेरच्या हवेवर करायचा, सगळं. काकू मान डोलावत ऐकत होत्या. साहेब वहीत लिहून घेत होते.

गप्पांच्या नादात दोरा बांधायचा राहिला.

झडप बांधलीय हे सांगितलं का? इतकी वर्षं मी तेच आठवतोय. 'पावसाच्या आधी या' हे माझं वाक्य तोंडात बसलेलं होतं, प्रत्येकाला म्हणायचो, त्यांनाही म्हटलं असेल. पण ते दोरा दाखवून म्हणायचं वाक्य होतं. दोराच नव्हता तर कशाला हात लावून म्हणणार? देवाशपथ सांगतो, मला आठवत नाही. एवढं मात्र खरं की वहीत साहेबांनी 'पावसात लिव्हर बाहेर' असं लिहून घेतलं होतं, आणि बाहेरची हवा आत यायची वाट मीच तासाभरापूर्वी बंद केली होती.

श्रावणातली दुपार. काकूंना सकाळपासून श्वास पुरत नव्हता. साहेबांनी त्यांना गाडीत बसवलं आणि दवाखान्यात निघाले. पाऊस असा की काच खाली करावी तर काकू भिजणार. एसी लावावा तर ढास. साहेबांनी ब्लोअर मोठा केला आणि वहीत लिहिल्याप्रमाणे लिव्हर बाहेरच्या हवेवर केला. दोन मिनिटांत काच पांढरी. त्यांनी ब्लोअर आणखी वाढवला. तीच दमट हवा गरगर फिरून काचेवर येत राहिली. रुमालाने पुसलं, पुन्हा पांढरं. कात्रपहून निघालेल्या रस्त्यावर डाव्या हाताला एक डंपर उभा होता. साहेबांना तो दिसलाच नाही. गाडीचा डावा कोपरा त्याच्या मागच्या बाजूला बसला. साहेबांना साधं खरचटलंही नाही. काकूंचा खुबा मोडला.

आठ दिवसांनी गाडी टोचन करून माझ्याकडे आली. मला वाटलं, चला, काच आणि डाव्या बाजूचं काम. डॅशबोर्ड उतरवला, टॉर्च मारला. माझी काळी पट्टी. झडप आवळून धरलेली, केबल लोंबकळतेय. मग मी बाहेर येऊन लिव्हर बघितला. तो बाहेरच्या हवेवर होता, अगदी टोकापर्यंत सरकवलेला. अपघातानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. सबनीस साहेबांनी सगळं बरोबर केलं होतं.

 मग पट्टी कापली, खिशात टाकली. झडपेला नवा फोम लावला. केबल जोडली. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते सगळं नीट, एक पूर्ण दिवस घालवून केलं. कोणाला दाखवायला, हे त्या झडपेलाच माहीत.

साहेब गाडी बघायला आले तेव्हा मुलगा बरोबर होता. पुण्याहून आलेला, तापलेला. आल्या आल्या मला म्हणाला, "गाडीत काही फॉल्ट होता का? आत्ताच्या आत्ता खरं काय ते सांगा." गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. साहेब त्याला हाताने मागे सारून पुढे आले. आठ दिवसांत चेहरा उतरला होता. म्हणाले, "मिस्त्री, मला एकच विचारायचंय. गाडी तुमच्याकडे आली तेव्हा लिव्हर कुठे होता? मला वाटतं मी बाहेर केला होता. मग बाफ का गेली नाही? मी रोज रात्री तेच आठवतो आणि आता मला काहीच नीट आठवत नाही. तुम्ही बघितलं असेल. आत होता की बाहेर?"

 पट्टी खिशातच होती. मांडीला टोचत होती.

मी म्हटलं, "आत."

एवढा एकच शब्द. मागून लगेच सारवासारव, की घाईत होतं असं साहेब, बाफ आली की भलेभले गोंधळतात. मुलगा म्हणाला, "बघितलंत बाबा? आता गाडी चालवायची नाही. किल्ली द्या." साहेबांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली. वाद घातला नाही. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि मला म्हणाले, "म्हणजे मीच. बरं झालं तुम्हाला विचारलं." वर माझे आभार मानले त्यांनी.

मी भित्रा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी स्वतःला फार रोखठोक समजत होतो.

गाडी दुरुस्त होऊन त्यांच्या इमारतीखाली उभी राहिली, वर कापड घालून. बॅटरी बसू नये म्हणून मी महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन माझ्याकडे राहिलेल्या दुसऱ्या किल्लीने ती चालू करून द्यायचो. साहेबांना वाटायचं, मिस्त्री किती चांगला. वर घरी बोलवायचे, चहा करायचे. आता चहा त्यांनाच करावा लागायचा, काकू खाटेला खिळलेल्या. एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती मला खात राहिली. चहा झाल्यावर साहेब गॅस बंद करायचे, दोन पावलं यायचे, परत जाऊन बघायचे. पुन्हा यायचे, पुन्हा जायचे. एकदा मला म्हणाले, "मिस्त्री, जरा बघता का? बंद आहे ना?" ज्या माणसाने आयुष्यभर लॅबोरेटरीत थेंब-थेंब मोजले, तो मला विचारत होता शेगडी बंद आहे का. काकूंचं औषध द्यायचं तर चिठ्ठी चार वेळा वाचायचे आणि तरी शेजारच्यांना बोलावून दाखवायचे. स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडाला होता त्यांचा. तो कोणी काढून घेतला, ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

निदान मला तसं वाटत होतं. काकू खाटेवरून माझ्याकडे बघत राहायच्या. एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं, "मिस्त्री, तुम्हाला एक विचारू का?" म्हणून तोंड उघडलं, तोच साहेब आतून आले. "अगं, आता पुरे ना ते," म्हणाले. काकू भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला वाटलं, यांना पट्टीचं कळलंय. त्यानंतर मी जायचंच कमी केलं.

दुसरा पावसाळा संपता संपता काकू गेल्या. झोपून झोपून छातीत कफ साठला होता. मी स्मशानात गेलो, मागे उभा राहिलो आणि साहेबांना न भेटता परत आलो.

या वर्षी मी गॅरेज बंद केलं. गुडघे गेले, आडवं होऊन गाडीखाली शिरता येत नाही. सामान आवरताना हत्यारांच्या पेटीत तळाला ती काळी पट्टी सापडली, मधोमध कापलेली. शेजारीच लाल दोऱ्याचं रीळ. सापडली म्हणतो खरं, पण ती तिथे आहे हे मला रोज माहीत होतं. मी घरी जाऊन बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग इथे काय बसलात? मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी कात्रपला गेलो.  साहेबांनी दार उघडलं, खूप म्हातारे दिसले. "या या मिस्त्री, किती दिवसांनी." चहा ठेवायला निघाले तर म्हटलं, साहेब, चहा नको, आधी बसा. पट्टीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि भराभर सांगून टाकलं. झडप मी बांधली होती. दोरा लावायचा विसरलो. लिव्हर बाहेरच होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरलो आणि खोटं बोललो. तुमची काही चूक नव्हती साहेब. सगळी माझी.

मला वाटलं होतं, ओरडतील. हात उगारतील. मुलाला फोन लावतील. तेवढी तयारी करूनच गेलो होतो. साहेबांनी पट्टीचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे ती खरं सांगत होती," म्हणाले.

मी म्हटलं, "कोण?"

"ही. दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून तिचं एकच. 'तुम्ही लिव्हर बाहेर केला होतात, मी बघितला, माझं लक्ष तुमच्या हाताकडेच होतं.' रोज सांगायची. मला वाटायचं, माझं मन राखायला बोलतेय. मी तिला म्हणायचो, अगं, मिस्त्रीने स्वतः बघितलंय, तो कशाला खोटं बोलेल? तू माझी समजूत काढू नकोस." त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला. "एकदा चिडलो तिच्यावर. म्हटलं, खोटारडी आहेस. चाळीस वर्षांत कधी असं बोललो नव्हतो. त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही. शेवटपर्यंत नाही."

 त्यांच्याकडे येताना मी मनात म्हणत होतो, साहेबांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय. एका शब्दाने मी दोन माणसांच्या मध्ये भिंत बांधली होती, आणि ती बाई त्या भिंतीपलीकडे खरं बोलून खोटी ठरून गेली. काकूंना खाटेवरून मला काय विचारायचं होतं ते तेव्हा कळलं. त्यांना फक्त एक साक्षीदार हवा होता. मी रडलो. साठी उलटलेला माणूस लोकांच्या घरात बसून रडलो.

साहेब रडले नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं. मग उठले, माझा दंड धरला आणि मला भिंतीवरच्या फोटोसमोर नेऊन उभं केलं. काकूंचा हसरा फोटो, त्याला चंदनाचा हार.

"मला सांगितलंत, आता तिला सांगा," म्हणाले.

मी हात जोडले. खालच्या आवाजात म्हटलं, "काकू, तुम्ही बघितलंत ते बरोबर होतं. लिव्हर बाहेरच होता."

साहेब माझ्या मागे उभे होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"जरा मोठ्यानं सांगा हो," ते म्हणाले, "तिला कमी ऐकू येतं."